मी तिथं नव्हते असं लिहा

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या सुपरमार्केटात कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघत असताना विनयाच्या फोनवर मेल आली. 'हाय विनया, मंगळवारी मी जे काही बोलले ते काढून टाकशील का, प्लीज. सगळंच. आणि मी आले होते हेही. चीअर्स, डॉना.' विनयाने मेल वाचली, फोन पर्समध्ये टाकला, जुडी ट्रॉलीत ठेवली. मग तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात ट्रॉलीच्या दांड्यावरून सुटत नाहीये. बोटं आवळली होती ती आवळलेलीच. मागच्या बाईने दोनदा 'सॉरी' म्हटलं, तिसऱ्यांदा ट्रॉली हळूच पुढे ढकलली, ती विनयाच्या घोट्याला लागली, तेव्हा कुठे हात सुटला. तळव्यावर दांड्याचा लाल वळ उमटला होता. ती बाई माफी मागत राहिली आणि विनया म्हणत राहिली, काही नाही, काही नाही. आपण हे मराठीत म्हणतोय हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

तशी ही मेल काही नवलाची नव्हती. दहा-बारा वर्षं ती विद्यापीठात हेच काम करत होती. गावाकडच्या लोकांना एकत्र बसवायचं, चहा द्यायचा, मधे रेकॉर्डर ठेवायचा आणि परजीवींमुळे होणाऱ्या आजारांबद्दल त्यांना काय वाटतं, ते कशाला घाबरतात, कशाला हसतात, डॉक्टरपासून काय लपवतात, हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्यायचं. शेकड्यात एखादा माणूस नंतर म्हणायचाच की माझं बोलणं काढून टाका. त्यासाठी एक ठरलेलं उत्तर होतं, दोन वाक्यांचं. तिने गाडीतच ते टाइप केलं. मग शेवटच्या शब्दांवर तिची नजर पुन्हा गेली. मी आले होते हेही. बोलणं काढून टाका असं म्हणणारे पुष्कळ भेटले होते. आपण तिथे होतो हेच पुसून टाका असं म्हणणारी तिच्या आयुष्यात ही दुसरीच. उत्तर न पाठवता तिने फोन बाजूच्या सीटवर उपडा ठेवला.

मंगळवारची चर्चा रेवा फ्लॅटच्या हॉलमध्ये झाली होती. रेवा फ्लॅट म्हणजे रेमुताकाच्या डोंगरापलीकडचं, वायरारापातलं एक तिठ्याएवढं गाव. एक हॉल, एक बंद पडलेली शाळा आणि लांब लांब पसरलेले दुधाचे गोठे. सहा बायका आल्या होत्या. वासरं जन्मण्याचा मोसम ऐन भरात होता, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांत झोप आणि नखांत काळं. विषय होता क्रिप्टो. वासरांच्या पातळ शेणातून माणसाच्या पोटात जाणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी. आधी वासरांना जुलाब, मग त्यांना दूध पाजणाऱ्या बायकांना, आणि सगळ्यांत वाईट हाल त्या बायकांच्या मागेमागे गोठ्यात फिरणाऱ्या लहान मुलांचे. विनयाने नेहमीच्या प्रश्नाने सुरुवात केली, की परजीवी म्हटलं की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं. एकजण म्हणाली, माझी सासू. सगळ्या खदखदून हसल्या. संकोच मोडला तो तिथे. मग चीज स्कोनची ताटली फिरली, हात धुण्याबद्दल बोलणं झालं, विहिरीच्या पाण्याबद्दल झालं, आणि कोपऱ्यात बसलेली, अंगाने भरलेली, एका बाजूने केस पांढरे झालेली डॉना बोलायला लागली ती थांबेचना.

तिचा तीन वर्षांचा मुलगा मागच्या मोसमात एकोणीस दिवस आजारी होता. पाण्यासारखं होत होतं, डोळे आत गेले होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, घरी वासरं आहेत का. आहेत, पण कुणाला आजार नाही, पोरगा नदीत डुंबला होता, असं डॉनाने सांगितलं. कारण क्रेगने, म्हणजे नवऱ्याने, तसं सांगायचं ठरवून दिलं होतं. आजाराची नोंद झाली की आरोग्यखात्याची माणसं येतील, आणि ती आली की आपला गोठा बघतील. गोठ्यात काय होतं ते डॉनाने रेकॉर्डरकडे बघत सांगितलं. आजारी वासरं तो स्वतःच मारतो, कप्प्यातच, हातोड्याने, बाकीच्या वासरांच्या आणि पोरांच्या देखत. एका घावात मरत नाहीत सगळीच. 'मी डॉक्टरशी खोटं बोलले,' ती म्हणाली. 'माझं मूल मरायला टेकलं होतं आणि मी त्याच्या उशाशी उभी राहून खोटं बोलले.' विनयाने शिकल्याप्रमाणे सात सेकंद थांबून विचारलं, याबद्दल आणखी कुणाला काही सांगावंसं वाटतं का. कुणाला वाटलं नाही. इथे बोललेलं इथेच राहील असं सुरुवातीला सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. पण त्या सहा बायकांत एक क्रेगच्या भावाची बायको होती, हे विनयाला यादी पुन्हा नीट बघितल्यावर, म्हणजे या गुरुवारी, गाडीत बसून कळलं. आडनाव एकच होतं. ते आपल्याला मंगळवारी दिसलं कसं नाही? की दिसलं होतं?

वीस वर्षांपूर्वी विनया चोवीस वर्षांची होती आणि पुण्याहून निघून ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात हत्तीरोगावर गटचर्चा घेत होती. आयुष्यातल्या पहिल्या चर्चा. धान कापून झालं होतं, समाजमंदिराच्या वरांड्यात बारा बायका बसल्या होत्या, आणि शकु नावाच्या एका काटक बाईने सगळ्यांच्या देखत आपल्या नवऱ्याच्या सुजेबद्दल सांगितलं होतं. पायाच्या नव्हे, दुसऱ्या. तो धोतराच्या आत फडकं बांधून फिरतो, रात्री जवळ येत नाही, आणि हे तूच माझ्यावर करवलंस म्हणून मला ढोसतो, असं ती म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, शकुही हसली. विनयाने वहीत चांदणी काढली. हेच हवं होतं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सगळं घडत होतं, गटाची ऊब, दडवलेलं बाहेर येणं. संध्याकाळी ती हापशावर हात धूत असताना शकुचा नवरा शिवाजी तिथे आला. उंच, देखणा माणूस, बोलायला मऊ. त्याने विचारलं, 'आमच्या बाईनं काय काय सांगितलं तिथं?' पुरुष आपणहून येऊन विचारतोय याचाच विनयाला आनंद झाला. तिला वाटलं याला आता औषधाचं पटवता येईल. ती म्हणाली, 'वाईट काही नाही हो. काळजी वाटते त्यांना तुमची. आणि असल्या सुजेवर आता ऑपरेशन होतं, लाजण्यासारखं काही नसतं त्यात.' शिवाजीने मान हलवली. बादली तिच्या हातातून घेऊन भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघायच्या वेळेला शकु आली. ती चालत आली याचंच पुढे विनयाला आश्चर्य वाटत राहिलं. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता, पुढचे दोन दात नव्हते, आणि एक हात तिने दुसऱ्या हातात, एखादी दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा धरला होता. कुऱ्हाडीचा दांडा होता, हे तिच्या बरोबरच्या पोरीने सांगितलं. शकु रडत नव्हती. बोलायला तिला त्रास होत होता, शब्दांतून हवा जात होती. 'मॅडम,' ती म्हणाली, 'मी तिथं नोती, असं लिवा.' विनयाने तिला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायला हवं होतं. जीपमध्ये जागा होती. ड्रायव्हर म्हणाला, ताई, नवराबायकोचं आहे, आपण बाहेरची माणसं, गाव अंगावर येईल. विनया जीपमध्ये बसली. काच बंद केली, कारण धूळ येत होती. आणि पुण्याला परतल्यावर तिने शकुने सांगितल्याप्रमाणेच केलं. बाराच्या अकरा केल्या. वहीतलं ते पान फाडलं, फक्त त्यातलं सुजेबद्दलचं एक वाक्य 'काही सहभागी स्त्रियांच्या मते' अशा सुरुवातीने प्रबंधात घातलं. ते वाक्य परीक्षकांना फार आवडलं. त्या प्रबंधावर तिला न्यूझीलंडची शिष्यवृत्ती मिळाली. इथे आली, गुरुनाथ भेटला, सानिका झाली, पोरिरुआला टेकडीवरचं घर झालं, समोर खाडी. शकुचं पुढे काय झालं हे विचारायला तिने कधी कुणाला फोन केला नाही. फोन करता आला असता. एवढ्या वर्षांत एकदाही न करणं, यालासुद्धा रोज थोडी थोडी ताकद लागते.

तिने गुरुनाथला कळवलं की संध्याकाळी सानिकाला पोहण्याच्या क्लासहून तूच आण. तो फार्मसीत होता, घाईत होता, हो म्हणाला. कुठे चाललीस असं त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की एकटीने सहभागी बाईच्या घरी जाणं तुमच्या नियमात बसत नाही. आणि ते खरंच होतं. हेवर्ड्सच्या टेकडीवरून ती हटच्या खोऱ्यात उतरली आणि मग रेमुताका चढायला लागली. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला पिवळी काटेरी झुडपं, वाऱ्याने गाडी हलत होती. ती मनाशी वाक्यं जुळवत होती, इंग्रजीत, नीटनेटकी. मी तुझं बोलणं काढून टाकलंय. तुला काही मदत हवी असेल तर हे नंबर आहेत. वाक्य जुळलं की खालून दुसरंच काहीतरी वर येई. फाटलेला ओठ मध्यभागी कसा हलत होता ते. तेव्हा आपल्याला आलेली शिसारी. होय, पहिल्यांदा शिसारीच आली होती, दया पुष्कळ मागून, जीप मुख्य रस्त्याला लागल्यावर. डोंगर उतरताना तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर इतके घट्ट बसलेत की कानाखाली दुखतंय. मदतीला चाललोय असं ती स्वतःला सांगत होती, पण अंगात जे भरत चाललं होतं ते मदतीसारखं नव्हतं. ते गरम होतं आणि त्याला कुणाचं तरी अंग हवं होतं.

डॉनाचा गोठा रस्त्यापासून आत होता. साडेअकरा वाजले असतील. लांबलचक पत्र्याची शेड, आत कप्पे, कप्प्यांत लाकडाचा भुसा आणि त्यावर वासरं, काही उभी, काही पाय पोटाशी घेऊन पडलेली. दुधाच्या पावडरीचा गोडसर वास आणि त्याच्याखाली जुलाबाचा आंबट वास. डॉना तिसऱ्या कप्प्यात गुडघ्यावर बसून एका वासराच्या घशात नळी घालत होती. डाव्या डोळ्याखालचा गाल जांभळा होता, कडेला पिवळा पडत चाललेला. म्हणजे मार मंगळवारचाच. तिने विनयाला पाहिलं आणि नळी न हलवता म्हणाली, 'तू यायला नको होतंस. गाडी रस्त्यावरून दिसते.' विनयाने जुळवलेली वाक्यं म्हटली. सगळं काढलंय, नाव काढलंय, आता पाचच जणींची नोंद राहील. डॉना म्हणाली, 'छान. मग जा आता.' विनया गेली नाही. तिने गालाकडे बोट दाखवून विचारलं. डॉना म्हणाली की वासराने डोकं मारलं. हे ती इतक्या सहज, इतक्या बिनचूक म्हणाली की क्षणभर विनयाला ते वासरू दिसलंच. हेच वाक्य तिने हॉस्पिटलात, शाळेत, दुकानात किती वेळा वापरलं असेल, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला किती हायसं वाटलं असेल.

क्रेग क्वाड बाइकवरून, म्हणजे शेतात फिरवायच्या चारचाकी बाइकवरून, आला. त्याने ती बंद केली, गंबूट झटकले आणि 'किया ओरा' म्हणाला, माओरीतला नमस्कार. मध्यम उंचीचा, लालसर मानेचा, हसरा माणूस. विनयाला त्याने लांबूनच ओळखलं होतं, तुम्ही त्या जंतांवाल्या बाई ना, असं म्हणाला. चहा घेतला का विचारलं. पाऊस किती लांबलाय त्याबद्दल दोन वाक्यं बोलला. मग कप्प्याच्या लोखंडी फाटकावर कोपर टेकून अगदी मोकळ्या आवाजात त्याने विचारलं, 'काय सांगितलं माझ्या बायकोने तुम्हाला?'

विनयाच्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट झालं. पत्र्यावरचा गंज दिसला, क्रेगच्या पापण्या पांढुरक्या आहेत हे दिसलं. ती म्हणाली, 'चर्चेत कोण काय बोललं ते मला सांगता येत नाही. कोण आलं होतं तेही नाही.' तिचा आवाज चांगला आला. वीस वर्षांनी बरोबर उत्तर. क्रेग हसला, म्हणाला, रास्त आहे. आणि मग त्याने मान वळवून तोच प्रश्न डॉनाला विचारला, त्याच आवाजात. डॉना उठून उभी राहिली होती. फाटकाच्या खांबाला धरून, उजव्या हाताने. क्रेगने फाटक ओढलं. जोरात नाही. फ्रिजचं दार नीट बसलं नाही की माणूस गुडघ्याने दाबतो तसं, फक्त हाताने, आणि मग अंगाचा भार टाकून. डॉनाची बोटं खांब आणि फाटक यांच्यामध्ये होती. आवाज लहान झाला. डॉना ओरडली नाही. तिने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं, आणि तिचे डोळे क्रेगकडे नव्हते, विनयाकडे होते. त्यांत मदत मागणं नव्हतं, लाज होती. 'त्या वाट बघतायत, डॉन,' क्रेग म्हणाला आणि आणखी थोडा रेलला.

भिंतीशी कुंपणाचे लोखंडी खांब टेकवून ठेवले होते, छातीपर्यंत येणारे, तीन धारांचे. इथे त्यांना वॉराटा म्हणतात. विनयाने त्यातला एक उचलला हे तिला आठवतं. तो जड होता आणि थंड होता आणि दोन्ही हातांत नीट बसला. तिने तो क्रेगच्या फाटक ओढणाऱ्या हातावर मारला, कोपराच्या खाली. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. हाड मोडलेलं लोखंडातून कळतं, हे तिला तेव्हा समजलं. फाटक सुटलं, डॉनाने हात ओढून काखेत धरला, क्रेग भुशात गुडघ्यावर बसला. वासरं कप्प्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढायला लागली. क्रेगची टोपी पडली होती, डोक्यावर मध्ये विरळ केस होते, आणि तो वर बघत होता. रागाने नाही, चकित होऊन. त्याने चांगला हात तोंडासमोर धरला, पंजा उघडा ठेवून. इथे थांबता आलं असतं. थांबायला भरपूर वेळ होता. विनयाने खांबावरची पकड बदलली एवढा वेळ होता. तिने त्या उघड्या पंजाकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा मारलं. खांब पंजा ढकलून गळ्याच्या हाडावर बसला. क्रेग कुशीवर पडला आणि त्याच्या तोंडून पातळ, लांब असा एक आवाज यायला लागला. तिसऱ्यांदा तिने खांब उचलला होता की नाही हे तिला खात्रीने सांगता येत नाही. डॉनाने तो तिच्या हातातून काढून घेतला. ओढून नाही, अगदी हलक्या हाताने. भुशाने खांबाचं टोक पुसलं, आणि एका हाताने तो पुन्हा बाकीच्यांच्या ओळीत लावून ठेवला. 'गाडीत जाऊन बस,' ती म्हणाली. विनया फाटकाबाहेर पडत असताना तिला डॉनाचा फोनवरचा आवाज ऐकू आला. शांत, सरावाचा. नवरा क्वाडवरून पडलाय. हो, शुद्धीवर आहे. माझीही बोटं अडकली, त्याला उचलताना.

ती गाडीत बसली. इंजिन सुरू केलं नाही. तळव्यांची साल निघाली होती. तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. भीती वाटायला हवी होती, ती कुठे दिसत नव्हती. छाती मोकळी झाली होती, श्वास पोटापर्यंत जात होता, जसा कित्येक वर्षांत गेला नव्हता. पिंपळपानासारख्या पानांच्या एका झुडपावर लहानसा पक्षी शेपटीचा पंखा करून नाचत होता. भूक लागली होती तिला. खरोखर भूक लागली होती. ती त्या भुकेकडे बघत राहिली आणि मग मात्र तिच्या अंगावर काटा आला.

अँब्युलन्स आली, तिच्या मागे अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी. अँब्युलन्सवाल्यांनीच कळवलं असणार; बाइकवरून पडलेल्या माणसाच्या हाताला सरळ रेषेत मार बसत नाही. कॉन्स्टेबल तिशीतली बाई होती. ती शेडमध्ये जाऊन आली, विनयाच्या खिडकीशी वाकली आणि म्हणाली की बायको म्हणते तो क्वाडवरून पडला. तोही तेच म्हणतो. तुम्ही पाहिलंत? विनयाला सगळा हिशोब एका क्षणात कळला. क्रेग खरं बोलणार नाही, कारण मग फाटकाचं निघेल, आणि शिवाय पाच फुटी हिंदुस्थानी बाईने आपल्याला आडवं केलं हे तो कुणाला सांगणार. डॉना खरं बोलणार नाही, कारण खरं बोलायची तिची सवयच मोडली होती. राहिली ती. मान हलवली की झालं. घरी जाऊन कोथिंबीर निवडता आली असती; ती मागच्या सीटवर पिशवीत तशीच होती. कुणीच तिथे नव्हतं असं सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलं असतं.

'मी मारलं त्याला,' ती म्हणाली. 'लोखंडी खांबाने. दोनदा.' कॉन्स्टेबलने वही काढली. विनयाने फाटकाचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, गालाचं सांगितलं, मंगळवारचं मात्र एक अक्षर सांगितलं नाही. कॉन्स्टेबल लिहिता लिहिता थांबली. तिचा चेहरा सौम्य होता. म्हणजे तो तिचा हात चिरडत होता म्हणून तुम्ही मारलंत, ती म्हणाली. विनया म्हणाली, 'पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो खाली गुडघ्यावर बसलेला होता. हात वर केला होता त्याने.' कॉन्स्टेबलने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, जणू हे वाक्य परत घ्यायला तिला सवड देत होती. मग तिने तेही लिहिलं.

पुढचं सगळं कागदांतून झालं. क्रेगला पाच दिवस घराबाहेर राहण्याचा हुकूम मिळाला, ते पाच दिवस त्याने हॉस्पिटलातच काढले. डॉना दोन्ही पोरांना घेऊन पामरस्टन नॉर्थला बहिणीकडे गेली. तिच्या दोन बोटांत तारा घालाव्या लागल्या. वासरांचा मोसम संपायच्या आत ती परत आली. तिच्या जबाबावर खटला कसला चालवणार, ती काहीच बोलली नाही. क्रेगवर चालला, विनयाच्या साक्षीवर, आणि त्याला थोडी शिक्षा झाली, लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी. विनयावरही चालला. पहिल्या घावाचं कुणाला काही म्हणायचं नव्हतं. न्यायाधीश दुसऱ्याबद्दलच बोलले, सावकाश, नाइलाजाने बोलावं तसे. गुन्ह्याची नोंद झाली आणि एकशे वीस तासांचं समाजकार्य; ती शनिवारी शनिवारी नदीकाठची झुडपं तोडायला जायला लागली. विद्यापीठाने तिला त्या कामावरून काढलं. रेवा फ्लॅटची अख्खी चर्चा अहवालातून गाळण्यात आली. सहाच्या पाच नव्हे, एकही नाही.

गुरुनाथ सगळ्या तारखांना आला. गाडी त्याने चालवली, डबा त्याने नेला. परतताना एकदा, डोंगर चढताना, तो म्हणाला, 'दुसऱ्यांदाचं सांगायची काय गरज होती, विनू? त्याला स्वतःलासुद्धा आठवत नव्हतं.' तो रागावला नव्हता. तो खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता. विनयाने त्याला त्या दिवशी शकुचं सगळं सांगितलं, हापशापासून जीपच्या काचेपर्यंत. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला की तू तिच्यासाठी मारलंस तर. विनयाला हो म्हणावंसं वाटलं. किती नीट बसलं असतं ते. पण क्रेगने पंजा उघडला तेव्हा तिच्या मनात शकु नव्हती. कुणीच नव्हतं. तिने त्याला तसं सांगितलं नाही. तिने शकुच्या गावी मात्र फोन लावला, तीन दिवस खटपट करून, ग्रामपंचायतीत. तिथल्या माणसाला आडनाव हवं होतं. विनयाला शकुचं आडनाव माहीत नव्हतं. ते त्या फाडलेल्या पानावर होतं.

सानिका या काळात काही बोलली नाही. पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजायचं, उत्तरं इंग्रजीत. शाळेत कुणीतरी बातमी दाखवली होती. एकदोघींनी म्हणे 'युअर मम्स अ लेजंड' म्हणून पाठ थोपटली होती. घरात ती नेहमीसारखी वागत होती, थोडी जास्तच नेहमीसारखी. खटल्याचा निकाल लागला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी ती खाली आली, अंगात पोहण्याचे टॉग्ज, वरून टॉवेल, पोहायला निघालेली. विनया ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. सानिका फ्रिजपाशी थांबली. तिने टॉवेल गळ्याशी आणखी ओढून घेतला आणि विचारलं, 'आई, द सेकंड टाइम. डिड इट फील गुड?'

चर्चा घेणाऱ्या माणसाने स्वतःचं मत सांगायचं नसतं. तुला काय वाटतं, असं उलट विचारता आलं असतं. आजवर असल्या प्रश्नांना तिने हेच उत्तर दिलं होतं, शेकडो वेळा, हसऱ्या चेहऱ्याने. कणकेत रुतलेली आपली बोटं तिने पाहिली. मग मान वर करून मुलीकडे पाहिलं.

'हो,' ती म्हणाली. 'पहिल्यापेक्षा जास्त.'

सानिकाने मान हलवली. ती आईच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होती. मग तिने पिशवी खांद्याला अडकवली, 'सी यू' म्हणाली, रबरी जँडल्स पायात सरकवल्या आणि बाहेर गेली. एरवी ती दार आपटून जायची. त्यावरून दोघींची कितीदा वादावादी झाली होती. त्या दिवशी तिने ते अगदी हळू, मूठ फिरवून धरून, आवाज होऊ न देता लावलं. ज्या घरात कुणाला तरी जागं करण्याची भीती असते, तिथली मुलं लावतात तसं.